आजोबांची दुनळी, दोन्ही नळ्या फुल चोक: बदलते चोक बसवता येतील का?

होटगीरोडकर

नमस्कार मंडळी. आजोबांची बारा बोअरची दुनळी वडिलांच्या पश्चात रीतसर माझ्या परवान्यावर आली आहे. बर्मिंगहॅमची आहे, घोडे आत, नळ्या ३० इंची, शेजारी शेजारी. नळ्यांच्या पोटाला बारीक ठसे आहेत: "१२", चौकटीत १२ आणि त्याखाली सी, "चोक" (छर्रे दाट राहावेत म्हणून नळीच्या तोंडाशी ठेवलेली आवळण), आणि "नायट्रो प्रूफ". लाकडाला आजोबांच्या हाताची झिलई आहे, नळ्या आतून आरशासारख्या. आजोबा मंगळवेढ्याच्या रानात ज्वारीच्या राखणीला ही घेऊन बसायचे.

आता मी पुण्याकडच्या एका क्लबात मातीच्या तबकड्यांवर नेमबाजी शिकतोय. ट्रॅप (दूर पळणाऱ्या तबकड्या) सुरू केलंय, पुढे स्कीटही (जवळून आडव्या जाणाऱ्या तबकड्या) करायचं मनात आहे. तिथल्या एकांनी नळीत डोकावून सांगितलं, "दोन्ही नळ्या फुल, म्हणजे सर्वांत घट्ट चोकच्या आहेत, जवळच्या तबकडीला हे जड जाणार. बदलते चोक बसवून घे." इंटरनेटवर पाहिलं तर आट्याच्या चोक नळ्यांचे सेट भरपूर दिसतात. अक्कलकोट रोड एमआयडीसीत ओळखीचा एक लेथवाला आहे. तो म्हणतो, "तोंडाला आतून आटे पाडायचे ना? दुपारचं जेवण होईस्तोवर करून देतो."

व्हर्नियरने मापलं तर नळीच्या तोंडाचा बाहेरचा व्यास २०.९ मिमी आणि आतला १७.४ मिमी भरला. दोन्ही नळ्या जवळपास सारख्याच. एवढ्यावर काम होईल का? बंदूक विकायची नाही आणि खराबही करायची नाही. जाणकारांनी सांगावं.

बार्शीचा विजय

बिनधास्त करा भाऊ. माझी तुर्की बनावटीची आहे, सोबत पाच चोक आले होते. चावीने फिरवायचं, दोन मिनिटांत बदलतो. आज फुल, उद्या सिलिंडर, म्हणजे बिनआवळणीचा. एकदा सवय लागली की फिक्स चोकवाली बंदूक हातात धरवत नाही.

टूलरूमवाले

होटगीरोडकर मालक, आधी एक काम करा. त्या लेथवाल्याला आजच फोन करून सांगा की थांब. बाकीचं सावकाश बोलू.

मी गिरणीच्या टूलरूममध्ये आयुष्य काढलं. गिरणी बंद पडल्यावर स्वतःचं लेथ टाकलं, आता तेही मुलगा बघतो. वडिलांची एकनळी माझ्या परवान्यावर आहे. बंदुकीचं काम मी करत नाही, त्याचा परवाना माझ्याकडे नाही. पण परवानाधारक कारागिराच्या शेजारी बसून जुन्या नळ्यांची मापं घ्यायला मी हौसेने जातो, त्यामुळे या नळ्या आतून कशा असतात ते चांगलं पाहिलंय.

विजयरावांची बंदूक चोक नळ्यांसाठीच बनलेली आहे. कारखान्यातच तिच्या तोंडाला जास्तीचं लोखंड ठेवलेलं असतं, नळी पुढे थोडी फुगलेली दिसते. तुमची बंदूक त्याच्या उलट विचाराने बनली. जुन्या बर्मिंगहॅमवाल्यांना हलकी, खांद्याला लावताच उठणारी बंदूक हवी असायची. त्यांनी नळ्या हाताने कानस मारून बाहेरून पातळ केल्या. मागे दारूचा दाब जास्त म्हणून तिथे जाड, मधे पातळ, तोंडाशी चोकपुरती परत थोडी जाड. काही नळ्यांच्या मधल्या भागात भिंत पाऊण मिलिमीटरही भरत नाही.

आता तुमच्या मापाकडे या. तोंडाशी बाहेरून २०.९, आतून १७.४. म्हणजे भिंत पावणेदोन मिमी, आणि हे वाचून कुणालाही वाटेल की भरपूर आहे. पण ही जाडी फक्त चोकच्या जागेची, शेवटच्या दोनेक इंचांची. त्याच्या मागे नळी आपल्या मूळ मापावर जाते. "१२" हा जो ठसा आहे तो त्याच मापाचा: .७२९ इंच, म्हणजे साडेअठरा मिमी. (चौकटीतला १२ आणि सी हा कोठीचा, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेचा ठसा, चोकचा नाही. पुष्कळ जण तो सी बघून फसतात. तुमच्या चोकचा ठसा वेगळा आहे आणि तो तुम्हाला सापडलाच आहे.) १८.५ मधून १७.४ वजा केले की १.१ मिमी आवळण आली, म्हणजे ४० थाऊच्या (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) थोडी वरच. फुलच आहे, क्लबातले बरोबर बोलले.

आता इंटरनेटवरच्या सेटचं बघा. विंचोक नावाचा जो सर्वांत पसरलेला नमुना आहे, त्याचे आटे १३/१६ इंचाचे. मिमीत किती? २०.६. तुमच्या नळीचा बाहेरचा व्यास २०.९. हा आटा पाडला तर बाजूला उरणार ०.१५ मिमी. रंगाचा हात दिला तरी याहून जाड बसेल. लेथवाल्याला हा हिशोब माहीत असता तर तो जेवणाच्या वेळेची गोष्ट बोललाच नसता.

जुन्या बंदुकांसाठी पातळ भिंतीच्या चोक नळ्या वेगळ्या असतात. अमेरिकेत ब्रायली, इंग्लंडमध्ये टीग यांचं या कामात नाव आहे. तिथे बंदूक कारागिराकडे जाते, तिची मापं घेतात, आणि त्याच नळीपुरते चोक बनवून बसवतात. काम सुंदर असतं. पण तेही आधी मापतात आणि लोखंड कमी असेल तर नाही म्हणतात.

आता लेथचा मुद्दा. हा मी सांगायलाच हवा, कारण ते माझं पोट आहे. दुनळीच्या दोन नळ्या एकमेकींना समांतर नसतात. तोंडाकडे त्या जराशा जवळ येतात, म्हणजे दोन्ही नळ्यांचे छर्रे चाळीस यार्डांवर एकाच जागी पडावेत. त्यातून नळी बाहेरून हाताने कानसलेली, त्यामुळे बाहेरचं वर्तुळ आणि आतलं भोक यांचे मध्य एक नसतात. तुम्ही बाहेरून चक पकडून सेंटर काढलं तर तुमचं भोक बाहेरच्या अंगाने जाईल, आणि छर्रे जातात आतल्या भोकाच्या अंगाने. चोक तिरका बसला की नेम एकीकडे आणि मार दुसरीकडे. म्हणून जाणता कारागीर लेथला हातच लावत नाही. त्याच्याकडे पुढे पायलट, म्हणजे वाट दाखवणारी दांडी असलेला रीमर (भोक घासून मोठं करायचं हत्यार) असतो. पायलटवर नळीच्या नेमक्या मापाचं बुशिंग चढवतात, ते आतल्या भोकात सरकत पुढे जातं आणि रीमरला त्याच रेषेत ठेवतं. आटे पाडायचा टॅपही तसाच पायलटवाला. काम हाताने, तेल देत, चिप काढत. आणि दोन नळ्यांमधली पट्टी मऊ झाळीने बसवलेली असते. चकच्या जबड्यात ती सुटली तर बंदूक नव्याने बांधावी लागते.

एक पाहिलेलं सांगतो. ओळखीतल्या एकांनी असंच काम एका वर्कशॉपमध्ये करून घेतलं. आटे छान पडले होते, चोक हाताने फिरत होता, बघणारा खूश व्हावा. पण चोकच्या मागच्या टोकाचा आतला व्यास नळीच्या व्यासापेक्षा किंचित लहान राहिला होता. म्हणजे आत एक ओठ उभा राहिला. नियम असा की मागचं टोक नळीपेक्षा दोनचार थाऊ मोठंच हवं, म्हणजे छर्रे आणि वाद (दारू आणि छर्ऱ्यांमधली डाट) कुठे अडखळणार नाहीत. इथे ते प्रत्येक बारला त्या ओठावर आपटत गेले. ती नळी मी हातात घेऊन खिडकीकडे धरली. चांगल्या नळीत चौकटीची सावली एका सरळ रेषेत आतून धावत जाते. हिच्यात ती तोंडाच्या दोन इंच अलीकडे अचानक वाकली, एक गोल कडं उमटल्यासारखी, आणि पुढे परत सरळ. बाहेरून बोट फिरवलं तर तिथे फुगवटा लागला. ती नळी संपली. माणसाच्या हाताला काही झालं नाही हे त्याचं नशीब.

तुमची नळी आरशासारखी आहे म्हणता. तशी आहे म्हणूनच इतकं लिहिलं.

वकील, सात रस्ता

टूलरूमवाल्या काकांनी लोखंडाची बाजू मांडली, मी कागदाची मांडतो, कारण ती कुणी बघतच नाही.

शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे बंदूक बनवणं, विकणं, दुरुस्त करणं, तिच्यात बदल करणं किंवा तिची चाचणी घेणं यांचा धंदा परवान्याशिवाय करता येत नाही. एमआयडीसीतल्या लेथवाल्याकडे तो परवाना नसेल तर त्याने आटे पाडणं हाच गुन्हा. त्याच्याकडे तुम्ही बंदूक ठेवून आलात, तर विनापरवाना शस्त्र बाळगल्याचं कलम ३ त्याच्यावर लागेल, आणि सोबत तुमच्यावरही वेळ येईल. ओळखीचा आहे, भला माणूस आहे, म्हणूनच त्याला यात ओढू नका.

दुसरं म्हणजे कुणी सुचवेल की "तोंड दोन इंच कापा, चोक गेला, काम संपलं." नळीची लांबी कमी करण्याला कलम ६ मध्ये स्वतंत्र परवान्याची अट आहे. याला घरगुती उपाय समजू नका.

तिसरं, परदेशातून चोक मागवणं. कायद्यातल्या "शस्त्र" या व्याख्येत शस्त्राचे भागही येतात, आणि आयातीला कलम १० आहे. साधं पार्सल म्हणून मागवलं आणि कस्टमला अडकलं तर उत्तरं तुम्हाला द्यावी लागतील. मागवायचंच असेल तर परवानाधारक डीलरमार्फत, लेखी विचारून.

सोलापूर शहराच्या हद्दीत परवान्याचं काम पोलीस आयुक्तालयाकडे असतं, ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांकडे. होटगी रोडच्या पत्त्यावर परवाना असेल तर तुमचं आयुक्तालय. बंदूक कारागिराकडे देताना त्याच्या परवान्याची प्रत बघा, पावती घ्या, पावतीवर बंदुकीचा नंबर आणि करायचं काम लिहून घ्या. निवडणुकीच्या आधी अनेकदा बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागतात हे आपल्याला माहीतच आहे. त्या वेळी बंदूक दुसऱ्याच्या दुकानात सुटी पडलेली असली तर धावपळ होते.

होटगीरोडकर

काका, वकीलसाहेब, दोघांचे मनापासून आभार. लेथवाल्याला नको म्हणून सांगितलं. तोही समजूतदार आहे, "मला कायद्याचं माहीत नव्हतं" म्हणाला.

पण मग मार्ग काय? चोक रीमरने घासून मोकळा करता येतो असं ऐकलं. आणि मापं नीट घ्यायची तर कशी?

टूलरूमवाले

घासून मोकळा करता येतो, पण तो एकेरी रस्ता आहे. काढलेलं लोखंड परत येत नाही. म्हणून त्याच्या आधी दोन गोष्टी करा.

पहिली, परवानाधारक कारागिराकडे बसून मापं. व्हर्नियर यात कुचकामी, त्याचा जबडा दोन सेंटिमीटर आत जातो आणि तिथेही तिरका बसतो. तीन बिंदूंचं बोअर गेज लागेल, ते आत सरकवत प्रत्येक इंचाला वाचायचं. भिंतीची जाडी बघायला वेगळं गेज असतं. लांब दांडा नळीच्या आत, दुसरा बाहेर, टोकाला डायल. नळी फिरवत गेलं की काटा सांगतो कुठे जाड, कुठे पातळ. तोंडापासून पन्नास मिमी आत, जिथे चोकचं मागचं टोक येईल, तिथली सर्वांत पातळ बाजू लिहून आणा. मला तोच एक आकडा हवाय. बाकी सगळे आकडे शोभेचे.

तिथेच कोठीची लांबीही बघून घ्या. तुमच्या बंदुकीच्या काळच्या पुष्कळ इंग्लिश बंदुका अडीच इंची, म्हणजे ६५ मिमी कोठीच्या असतात. आज दुकानात मिळणारं काडतूस बहुतेक ७० मिमीचं. ते आत व्यवस्थित बसतं, कारण तोंड दुमडलेलं असताना त्याची लांबी कमी असते. ७० हे उडाल्यानंतर उलगडलेलं माप. छोट्या कोठीत ते उलगडलं की पुढच्या गळ्यात शिरतं, वाट अरुंद होते आणि दाब चढतो. चोकपेक्षा हा प्रश्न मोठा आहे आणि तो कुणी तुम्हाला विचारला नाही, याचं मला वाईट वाटतंय.

दुसरी गोष्ट, कागद. क्लबाच्या रेंजवर, परवानगीने. नान्नजच्या माळावर किंवा शेतात जाऊन बार काढू नका. ते माळढोकाचं अभयारण्य आहे आणि पलीकडे काय आहे ते छर्ऱ्याला दिसत नाही. चार फुटी चौरस कागद लावायचा, चाळीस यार्ड म्हणजे साडेछत्तीस मीटर मोजून उभं राहायचं, मधे नेम धरून एक बार. मग जिथे छर्रे सर्वांत दाट पडलेत तो मध्य धरून ३० इंची वर्तुळ काढायचं. मी दोरी आणि पेन्सिल वापरतो. आतली भोकं मोजायची आणि काडतुसातल्या एकूण छर्ऱ्यांशी टक्केवारी काढायची. फुलला साधारण ७० टक्के, हाफला ६०, सिलिंडरला ४० च्या आसपास अशी जुनी मोजणी आहे. एका कागदावर विसंबू नका, एका नळीचे किमान पाच कागद करा.

हे का सांगतोय? कारण गेजवरचं फुल आणि कागदावरचं फुल ही एकच गोष्ट नसते. काडतूस बदललं, वाद प्लास्टिकचा की नमद्याचा हे बदललं, छर्रा कडक की मऊ हे बदललं, की त्याच नळीचा पसारा बदलतो. चोक हे नळीचं माप, पण तबकडीला लागतो तो पसारा.

आणि ट्रॅपचा मुद्दा. ट्रॅपची तबकडी नेमबाजापासून पंधरा मीटर पुढच्या खंदकातून निघते आणि दूर पळत जाते. ती फुटते तेव्हा तीसपस्तीस मीटरवर, दुसऱ्या बारला त्याहून पुढे. ट्रॅपचे चांगले नेमबाज घट्ट चोकच वापरतात. तुमच्या आजोबांची बंदूक त्या कामाला आहे तशी योग्य आहे. स्कीटची तबकडी वीसेक मीटरवर आडवी जाते, तिथे मात्र मोकळा चोक हवा. दोन्ही खेळ एका जुन्या दुनळीवर करायचे या हट्टापायी चोक नळ्यांचा विचार सुरू होतो. स्कीटसाठी क्लबाची बंदूक वापरा की ओ.

बार्शीचा विजय

काका, मी घाईत लिहिलं होतं, माझ्या बंदुकीवरून सगळ्यांच्या बंदुका मोजल्या. तुमचं वाचून माझीही बाहेर काढून बघितली, तोंडाला खरंच फुगीर आहे. एक विचारू? माझा मधला चोक आता चावीनेही सुटत नाही.

टूलरूमवाले

विजयराव, जोर लावू नका. चावीची दातरी मोडली की मग वाट बंद. बंदूक रिकामी आहे याची दोनदा खात्री करा, नळी सुटी काढा, तोंड वर करून आट्याच्या फटीत भेदक तेल सोडा आणि रात्रभर ठेवा. आत प्लास्टिकचं किटण आणि जळकी दारू बसून आटे धरून ठेवतात. सकाळी हळू हळू मागेपुढे हलवून बघा. तरीही सुटला नाही तर कारागिराकडे. सुटल्यावर आटे रॉकेलने धुवा, दातांच्या जुन्या ब्रशने घासा, आणि चोक ग्रीस नखाएवढं लावून परत बसवा. आपल्याकडे उन्हाळ्यात धूळ किती उडते तुम्हाला माहीत आहे, ती ग्रीसला चिकटते, म्हणून जास्त लावायचं नाही.

आणि चोक काढून कधीही बार काढू नका. उघड्या आट्यांवरून छर्रे गेले की आटे तासले जातात. प्रत्येक फेरीनंतर बोटाने चोक आवळलेला आहे का बघा, ढिला चोक हळूहळू बाहेर येतो आणि मग वर सांगितला तो ओठ तयार होतो.

होटगीरोडकर

काका, सगळं तुम्ही सांगितल्याप्रमाणे करून आलो. परवानाधारक कारागीर भेटले, वयस्कर आहेत, गेज पुसून पुसून वापरत होते. मापं अशी:

उजवी नळी आतून १८.५५. तोंडापासून ५० मिमी आत भिंतीची जाड बाजू १.०५ मिमी आणि पातळ बाजू ०.७५. पातळ बाजू बाहेरच्या अंगाला आहे, पट्टीच्या विरुद्ध. डावी नळी साधारण तशीच, पातळ बाजू ०.८. कोठी ६५ मिमी, दोन्ही. हे कळल्यावर माझ्या पोटात गोळा आला, कारण कपाटात ७० ची काडतुसं होती. आता ती क्लबाच्या बंदुकीसाठी ठेवली. कारागिरांनी बिजागरी, पीन सगळं तपासून चांगलं आहे म्हणून सांगितलं.

मग डीलरकडून ६५ मिमीची हलकी, २४ ग्रॅम साडेसात नंबरची काडतुसं मिळवून रेंजवर कागद केले. २४ ग्रॅममध्ये साधारण २९५ छर्रे धरले. उजव्या नळीचे पाच कागद: १८१, १९०, १७८, १९२, १८४. डावीचे: २०४, १९८, २११, २०३, २०७. मोजताना डोळ्यांतून पाणी आलं, बायको आणि मुलगी दोघींना बसवलं.

म्हणजे उजवी ६३ टक्के, डावी ७० च्या आसपास. गेजवर दोन्ही फुल, कागदावर एक हाफच्या जरा पुढे आणि एक फुल. हे कसं?

टूलरूमवाले

शाब्बास. मुलीलाही शाब्बास सांगा, मोजणी ही या कामातली सर्वांत कंटाळवाणी पायरी आणि सर्वांत खरी.

आधी चोक नळ्यांचा निकाल लावू. अगदी पातळ नमुना धरला तरी आट्यासकट भोक १९.७ पर्यंत न्यावं लागेल असं मी धरतो. १९.७ वजा १८.५५, त्याचं अर्धं, म्हणजे प्रत्येक बाजूने ०.५७ मिमी लोखंड जाणार. पातळ बाजूला ०.७५ होतं. उरलं ०.१८. आणि काही नमुन्यांत आटे नेमके मागच्या टोकाला असतात, म्हणजे इथेच. माझं मत स्पष्ट आहे: या बंदुकीला बदलते चोक बसवायचे नाहीत. दुसरा कुणी "करून देतो" म्हणाला तर त्याला हा ०.१८ चा आकडा दाखवा आणि त्याच्या तोंडाकडे बघा.

आता कागद. चोकची आवळण सारखी असली तरी तिचा उतार सारखा नसतो. हाताने काढलेल्या चोकमध्ये एका नळीला लांब उतार, दुसरीला आखूड, पुढचा सरळ भाग कमीजास्त. डोळ्याला दिसत नाही, छर्ऱ्याला कळतं. शिवाय जुन्या बंदुकांत उजवी थोडी मोकळी आणि डावी घट्ट ठेवण्याची पद्धतच होती, कारण पहिला बार जवळ, दुसरा लांब. तुमच्या बंदुकीच्या कारागिराने ते माप बघून केलं की कागद बघून केलं ते आता विचारता येणार नाही, पण निकाल बघा काय आहे: पहिल्या बारला ६३, दुसऱ्याला ७०. ट्रॅपसाठी याहून वेगळं मी तुम्हाला करून द्यायला सांगितलं असतं का? नाही.

तेव्हा घासायचंही काही नाही. रीमर कपाटातच राहू दे.

एकच करून बघा. याच काडतुसाचा नमदा वादवाला प्रकार डीलरकडे मिळाला तर उजव्या नळीचे आणखी कागद करा. प्लास्टिकचा कप छर्ऱ्यांना चोकपर्यंत धरून ठेवतो, नमदा तसं धरत नाही, त्यामुळे पसारा पुष्कळदा जरा मोकळा होतो. ५५ च्या आसपास आला तर क्लबातल्या मंडळींबरोबर जवळच्या तबकड्यांवरही हात साफ करता येईल, बंदुकीचं एक कणही न काढता. कागदावर काडतुसाचा लॉट नंबर लिहून ठेवत जा.

वकील, सात रस्ता

होटगीरोडकर, नवी काडतुसं घेताना परवान्यावर लिहिलेली संख्या बघून घ्या. एका वेळी किती बाळगता येतात आणि वर्षाला किती, दोन्ही आकडे असतात. सराव वाढला की पहिला हिशोब इथेच चुकतो.

होटगीरोडकर

परवाना बघितला वकीलसाहेब, पुढच्या रेंजपर्यंत पुरतील. नमदावाली काडतुसं डीलर मागवून देतो म्हणाला आहे. काका, आली की उजवीचे पाच कागद करून इथे टाकतो. ५० मिमीवरची मापं मी परवान्याच्या फायलीत लावून ठेवली आहेत, माझ्यानंतर मुलीच्या नावावर बंदूक झाली तर तिला कुणी आटे पाडायला सांगू नये.